पाच शब्द आणि एक गोळी

दादा, तुला जाऊन आज सतरा दिवस झाले आणि मी अजून चिडलेलीच आहे. लोक घरी येतात, माझा हात हातात घेतात, म्हणतात, "रडून घे, मोकळी हो." मला रडू येत नाही. मला भांडायचंय. आणि ज्याच्याशी भांडायचं तो भिंतीवर हार घालून बसलाय, तोही त्या फोटोत, जो तुला अजिबात आवडायचा नाही. कान मोठे दिसतात म्हणायचास. वहिनीला दुसरा फोटो सापडला नाही. सापडला असता तर लावला असता, तिच्यावर रागवू नकोस.

डोक्याच्या माराने गेला असतास तर निदान सरळ हिशोब होता. दोन वर्षं आपण त्या डोक्यामागे पळालो. बदलापूर, उल्हासनगर, ठाणे, मुंबई. स्कॅन, रिपोर्ट, फाइल, गोळ्या. आणि शेवटी तुला नेलं एका मच्छराने. डेंग्यू. आठ दिवस. मारातून वाचलेला माणूस असा जातो यावर मी कोणाकडे तक्रार करू, सांग.

स्कूटरवरून पडलास तेव्हा हेल्मेट होतं तुझ्याकडे. स्कूटरच्या हँडलला लटकलेलं होतं. हे मी तेव्हा तुला एकदाही बोलले नाही, कारण तू आयसीयूत होतास. नंतर बोलले नाही, कारण तुला ते आठवतच नव्हतं. आता बोलते. हेल्मेट डोक्यात घालायचं असतं, दादा. अंबरनाथ ते बदलापूर रस्त्यावर खड्डे आहेत हे तुला काय नवीन होतं?

डॉक्टर म्हणाले होते, नशीबवान आहात, ऑपरेशन लागलं नाही. चार महिन्यांनी दुसरे डॉक्टर म्हणाले, स्कॅन स्वच्छ आहे, हातपाय चालतात, बोलतात, आणखी काय पाहिजे? वहिनी म्हणाली, "डॉक्टर, ते दूध आणायला जातात आणि रिकाम्या हाताने परत येतात." ते हसले. म्हणाले, "माझ्या घरीही हेच होतं." सगळे हसले. तूही हसलास. मी नाही हसले. तू हसलास ते विनोद कळला म्हणून नव्हे, सगळे हसले म्हणून, हे मला दिसलं होतं.

आणि मग तू कामावर गेलास.

उल्हासनगरात जीन्सच्या धंद्यात तुझं नाव काय होतं हे मला सांगायची गरज नाही, पण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते. माझा भाऊ कटिंग मास्टर होता. आठवीतून शाळा सोडली आणि सोळाव्या वर्षी कापडाच्या टेबलाला लागला. साठ-सत्तर थर एकावर एक अंथरायचे, वर पॅटर्न मांडायचे, खडूने आखायचं आणि मशीन चालवायचं. एक चूक झाली की ती साठ वेळा होते. तुझी व्हायची नाही. कारखान्याचे मालक नारीशेठ दुसऱ्या शेठना सांगायचे, "मेरा मास्टर आँख से नापता है." सिंधी माणूस स्वतःच्या कामगाराची तारीफ दुसऱ्या सिंध्यापुढे करतो, म्हणजे ते खरंच असणार.

डेनिमला सुलट-उलट बाजू असते. वर गडद, आत फिकट. म्हणून पॅटर्न एकदा सरळ ठेवायचा आणि एकदा पलटून, म्हणजे एक उजवा पाय निघतो आणि एक डावा. हे टेबलावरच्या नव्या माणसालाही पहिल्याच दिवशी शिकवतात. तू परत गेल्यावर तिसऱ्या दिवशी पॅटर्न पलटायचा विसरलास. साठ थर कापलेस. सगळे उजवे पाय.

मला नारीशेठनी फोन केला होता. मी कंपनीच्या लॅबमध्ये होते, हातात ब्युरेट. मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले, "बेटा, मास्टर टेबल के पास खड़ा है. एक टांग उठाता है, दूसरी उठाता है, मिलाता है. बोलता है, शेठ, दुसरी कहाँ गई? आ के ले जा." मी रिक्षाने आले तेव्हा तू खरंच तसाच उभा होतास. मला पाहून म्हणालास, "मंगे, बघ ना, जोडी लागत नाहीये."

त्या दिवशी मी ठरवलं की तुला परत मास्टर करायचं. मी ठरवलं. तू नाही. हे मला आज कळतंय.

शेठनी तुला काढलं नाही. नंबरच्या टेबलावर बसवलं. कापलेल्या प्रत्येक तुकड्यावर नंबराचं स्टिकर लावायचं, म्हणजे शिवताना एका थराचे तुकडे एकत्र राहतात. तिथे चार बायका, त्यांच्यात तू. आठवड्याने मी विचारलं, कसं चाललंय? म्हणालास, "मस्त. शकूबाई रोज भाकरी जास्तीची आणते. आणि तिथे नंबर छापलेलेच असतात, लक्षात नाही ठेवायला लागत." तू खुशीत होतास. मी नव्हते. ज्याने मला बीएस्सी केलं तो माणूस स्टिकर चिकटवतो!

हो, केलंस तूच. आपल्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बाबांना मला नर्सिंगला घालायचं होतं, लवकर नोकरी लागते म्हणून. तू म्हणालास, "ती केमिस्ट्री म्हणते तर केमिस्ट्री." आणि मग जिथे जाशील तिथे मला पुढे करायचास. रेशनच्या ऑफिसात, शाळेच्या दाखल्याला, बिल्डरकडे. "ही माझी बहीण, बीएस्सी. तू बोल गं मंगे, तुला बोलता येतं." मला किती आवडायचं ते. खोटं कशाला बोलू.

तर मी बोलायला लागले. मावशीने ब्राह्मीचं तेल पाठवलं, वहिनीच्या आईने भिजवलेले बदाम सांगितले, कोणी शंखपुष्पीची बाटली आणली. मी सगळ्यांना हसले. म्हटलं, हे काही सिद्ध झालेलं नाही. मग मी तुला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. ते चांगले होते, अजूनही म्हणेन. अर्धा तास बोलले. म्हणाले, डोक्याला मार लागल्यावर लक्ष आणि स्मरण कमी होतं, त्यासाठी खास अशी पक्की गोळी नाही. काही गोळ्या दुसऱ्या आजारांच्या आहेत, त्या काही पेशंटना उपयोगी पडतात, काहींना नाही. अभ्यास थोडे आहेत, उत्तरं वेगवेगळी आहेत. एक देऊन बघू. तीन महिने. फरक तुम्हीच बघा आणि मला सांगा.

मी बाहेर येऊन वहिनीला सांगितलं, "गोळी मिळाली." एवढंच. बाकीचं सगळं मी माझ्याजवळ ठेवलं. मावशीच्या तेलाला जे विचारलं होतं ते मी त्या गोळीला विचारलं नाही, कारण ती पांढऱ्या कागदावर इंग्रजीत लिहून आली होती.

खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद मी वाचला. डोनेपेझिल. म्हातारपणी विसराळूपणाचा आजार होतो, त्याची गोळी. पोट बिघडू शकतं, स्वप्नं पडू शकतात, नाडी मंद होऊ शकते. वहिनीने विचारलं, "काय लिहिलंय?" मी म्हटलं, "नेहमीचंच, जेवून घ्यायची." कागद घडी करून माझ्या पर्समध्ये टाकला.

मग मेडिकलवाल्या काकांनी घोळ घातला. दुसऱ्या महिन्याचं पाकीट घ्यायला आपण दोघं गेलो होतो. त्यांनी चिठ्ठी बघितली आणि चष्म्यावरून विचारलं, "आजोबांसाठी का?"

तू म्हणालास, "आजोबा मीच."

काका कसनुसे हसले. तू रिक्षात बसेपर्यंत हसत होतास. रिक्षा पुलावर चढली आणि तू विचारलंस, "मंगे, तुला माहीत होतं?"

"काय?"

"ही म्हाताऱ्यांची गोळी आहे ते."

"दादा, तसं नसतं. एक औषध दोन आजारांवर..."

"माहीत होतं की नाही, एवढंच सांग."

"होतं."

"तुझ्या वहिनीला?"

"नाही."

तू बाहेर बघत म्हणालास, "बेचाळीस वर्षांचा आहे गं मी." मी आपली रिक्षावाल्याशी मीटरवरून वाद घालत बसले.

आणि माझी ती वही. मी क्वालिटी कंट्रोलमध्ये काम करते, मला मोजल्याशिवाय चैन पडत नाही. डॉक्टर म्हणाले फरक बघा, तर मी वही केली. तारीख, गोळी घेतली का, पोट, झोप, आणि पाच शब्दांची परीक्षा. आंबा, कुलूप, घोडा, नदी, सुई. फोनवर मी सांगायचे, दहा मिनिटं दुसरं बोलायचं, मग विचारायचं. पहिल्या आठवड्यात दोन यायचे. तिसऱ्या आठवड्यात चार. पाचव्यात पाच! रोज पाच! मी लॅबमधल्या बायकांना पेढे वाटले होते, दादा. तुला ते कधी सांगितलं नाही.

मग एका रविवारी तुझ्याकडे आले तर वहिनी म्हणाली, "अहो ताई, ते काय पाच शब्द आहेत ते आता मलाही पाठ झालेत. रोज आंघोळीला गेले की आतून चालू. आंबा, कुलूप, घोडा. आरतीसारखं."

मी तुझ्याकडे वळले. "दादा! तू पाठ केलंस?"

तू टॉवेलने कान पुसत म्हणालास, "मग? लक्षातच ठेवायचं होतं ना?"

वहिनी एवढी हसली की तिला ठसका लागला. मीही हसले, आणि आतून मला स्वतःच्या कानफटात मारावीशी वाटली. रोज तेच पाच शब्द! लॅबमध्ये एखाद्या ट्रेनीने असं केलं असतं तर मी त्याला दिवसभर उभं केलं असतं. आणि तू ते माझ्यासाठी पाठ करत होतास. दोन शब्द आले की फोनवर माझा आवाज पडायचा, तो तुला ऐकू यायचा. डोक्याला मार लागला होता, कानाला नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी शब्द बदलले. रोज नवे. तीन, दोन, तीन, चार, दोन. यातून काय कळतं? काही नाही. पण मी लिहीत राहिले. तू सांगायचास, "मंगे, रात्रभर स्वप्नात कापड अंथरतो गं. तागा संपतच नाही. सकाळी हात दुखतात." मी लिहायचे, झोप: ठीक. कारण झोपलास तर होतास. तुझं पोट बिघडायचं, ते मात्र मी लिहिलं, कारण त्याला रकाना होता.

आता त्या भांडणाचं.

माझ्याकडे अंबरनाथला आला होतास, गणपतीच्या आधीचा रविवार. मी मेथी निवडत होते. तू समोर बसून निवडायला लागलास, काड्या पातेल्यात आणि पानं कचऱ्याच्या ताटात. मी गुपचूप पातेलं आणि ताट बदललं. ते तुझ्या लक्षात आलं. आधी आलं नसतं.

म्हणालास, "गोळी बंद करूया."

"दादा, तीन महिने पुरे होऊ देत. मधेच सोडून काय कळणार?"

"मला कळलंय. ऐक. आधी मी नंबर लावायचो, बायकांशी मस्करी करायचो, घरी यायचो. आता मी कटिंग टेबलाकडे बघतो. तो नवा मास्टर कापड कसं वाया घालवतो ते मला दिसतं. कुठला पॅटर्न कुठे सरकवला तर वीतभर कापड वाचेल, ते दिसतं."

मी मेथी खाली ठेवली. "अरे दादा! म्हणजे लागू पडतेय गोळी!"

"पडत असेल. परवा मी उठून गेलो. म्हटलं सरक, दाखवतो. खडू हातात घेतला आणि पुढे काय तेच येईना. सगळे बघत होते. शकूबाईने हाताला धरून परत आणलं." तू एक एक पान सरळ करत होतास. "आधी मला हे माहीतच नव्हतं गं. काय गेलंय ते. आता रोज दिसतं."

"हळूहळू हातही चालेल. वेळ लागतो."

"तुला मास्टर पाहिजे, मंगे. मला नुसतं कामाला जायचंय."

आणि मी काय म्हटलं? मला शब्द न् शब्द आठवतो, माझं डोकं धड आहे. मी म्हटलं, "तू आठवी शिकलास, दादा. याच्यातलं तुला कळत नाही."

तू हसलास. खरंच हसलास. म्हणालास, "बरोबर आहे, बीएस्सी मॅडम," आणि मेथी निवडायला लागलास. या वेळी पानं पातेल्यात.

हे वाक्य मी कोणालाच सांगितलेलं नाही. आज लिहिते आहे. त्याची माफी मागायला माझ्याकडे जवळजवळ एक महिना होता. मला वाटलं भाऊबीजेला मागू, हसत हसत, काहीतरी गोडधोड देऊन.

बारा दिवसांनी डॉक्टरांची तारीख होती. आपण तिघं गेलो. डॉक्टरांनी फाइल उघडली, तुझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "काय म्हणता? गोळी कशी वाटते?"

तू माझ्याकडे बघितलंस.

मी म्हटलं, "छान चाललंय, डॉक्टर. लक्ष खूप सुधारलंय. समोरच्याची चूक ओळखतात." आणि वही पुढे केली. डॉक्टरांनी दोन पानं चाळली, खूश झाले, म्हणाले, एवढं व्यवस्थित कोणी ठेवत नाही. आणखी तीन महिन्यांचं लिहून दिलं. बाहेर आल्यावर तू म्हणालास, "भूक लागली," आणि आपण वडापाव खाल्ला.

त्यानंतर दोन आठवड्यांनी तुला ताप आला. हॉस्पिटलमध्ये तिसऱ्या दिवशी तू वहिनीला विचारलंस, "आजची गोळी?" ती म्हणाली, "इथे सगळ्या बंद केल्यात, फक्त सलाइन." तू म्हणालास, "बरं झालं." मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर होते. मी काय केलं असेल, तुला माहीतच आहे. मी विचारलं, "दादा, आज वार कुठला?" तापाने फणफणलेल्या माणसाला. तू डोळे न उघडता म्हणालास, "मंगे, आज सुट्टी दे." दुसऱ्या दिवशी तुला वर आयसीयूत हलवलं आणि मग तू आमच्याशी बोललाच नाहीस.

काल मी त्या डॉक्टरांकडे गेले होते. फाइल बंद करायला म्हणून. खरं सांगू, मला विचारायचं होतं की गोळी लागू पडत होती की नाही. कोणीतरी मला एकदा हो किंवा नाही म्हणावं. त्यांना तुझं ऐकून वाईट वाटलं. म्हणाले, "सांगता येत नाही हो. कदाचित थोडी. कदाचित आपोआपच सुधारत होते. एका पेशंटवरून नाही कळत." मग त्यांनी विचारलं, "त्यांना स्वतःला काय वाटत होतं?"

मी म्हटलं, "बंद करायची म्हणत होते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कधी?"

"शेवटच्या वेळी तुमच्याकडे आलो, त्याच्या आधीच."

"मग बोलला का नाहीत? बंद केली असती की. तुमच्या भावाला नको होती, एवढं कारण पुरे होतं."

एवढंच होतं, दादा. दोन मिनिटांचं काम. कुठला अभ्यास लागत नव्हता, कुठली वही लागत नव्हती. शेवटचे दोन आठवडे तू नंबर लावले असतेस, शकूबाईची भाकरी खाल्ली असतीस, त्या टेबलाकडे न बघता घरी आला असतास. वाचला नसतास, मला माहीत आहे. पण ते दोन आठवडे तुझे होते आणि ते मी घेतले.

माझी चूक मी कबूल केली. आता तुझी ऐक. मरेपर्यंत मला तू "तू बोल, तुला बोलता येतं" म्हणत राहिलास आणि मी बोलत राहिले. त्या दिवशी डॉक्टरांनी प्रश्न तुला विचारला होता. माझ्याकडे बघायची काय गरज होती? मी तोंड उघडलं तेव्हा म्हणायचं होतंस, "मंगे, गप्प बस." लहानपणी शंभर वेळा म्हणाला असशील. टपली मारून म्हणायचास. वहिनीसमोर, डॉक्टरांसमोर, कोणाहीसमोर म्हणायचं होतंस. मी रुसले असते, दोन दिवस फोन केला नसता, आणि मग केला असता. मी तुझी मॅडम नव्हते रे. बहीण होते.